तीन टिंबांमधला आवाज

खर्जकाकांना चेहऱ्याने ओळखणारी माणसं फार थोडी. बायको, सासूबाई, इमारतीतले शेजारी आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट. आवाजाने मात्र सगळं शहर त्यांना ओळखत होतं, फक्त ते हेच गृहस्थ, हे शहराला माहीत नव्हतं. बँकेत फोन लावला की "कृपया प्रतीक्षा करा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं जो माणूस इतक्या मायेने सांगतो की ताटकळणाऱ्याला क्षणभर ते खरंच वाटतं, तो माणूस म्हणजे काका. मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये "दुसरा मजला, हाडांचा विभाग" म्हणणारे काका. मुलांच्या कार्टूनमधलं आळशी अस्वल काका आणि त्या अस्वलाला छळणारा लबाड लांडगाही काकाच. दोघांचं भांडण जुंपलं की ते स्टुडिओत एकटेच उभे राहून, मान इकडून तिकडे वळवत, स्वतःशीच कचाकचा भांडायचे.

त्यांचा आवाज फुटला तो थेट तळाशी जाऊन बसला. शाळेत हजेरीच्या वेळी ते "हजर" म्हणाले की बाई दाराबाहेर डोकावून कोणाचे वडील आलेत का ते बघायच्या. पुढे ह्याच खर्जावर लग्न जमलं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि हे दुकानाची जाहिरात करायला गेले होते. "मी आवाजाशी लग्न केलं, माणूस त्याच्याबरोबर आला," असं ती अजूनही चारचौघांत सांगते. काका तेव्हा खाली बघून हसतात. बोलून बोलून घसा सुकतो म्हणून त्यांच्या गालात सदानकदा ज्येष्ठमधाची कांडी असे. जेवताना आणि झोपताना तेवढी बाहेर.

आवाजाच्या धंद्यात काकांचा एक नियम होता, आणि नवीन पोरांना ते तो ऐकवल्याशिवाय सोडत नसत. आधी ऐकायचं, मग बोलायचं. दुसऱ्याच्या तोंडी आपला आवाज घालायचा तर मूळ माणूस कानात हवा. तो श्वास घेईल तिथे आपण घ्यायचा, तो अडखळेल तिथे आपण अडखळायचं. नाहीतर मग लिफ्ट आणि माणूस यांत फरक काय राहिला?

आणि असा हा नियमाचा पक्का माणूस एके दिवशी नियम मोडून बसला. कारण काय, तर सासूबाईंचं कानाचं मशीन.

त्या दिवशी मशीन आणायला त्यांना वेळेवर दवाखान्यात न्यायचं होतं, आणि नेमकं त्याच सकाळी चॅनेलचं काम आलं. गोदामाच्या रखवालदाराचा खून केला म्हणून जन्मठेप झालेला एक कैदी होता. हा माणूस पहिल्या दिवसापासून "मी केलेलं नाही" एवढं एकच धरून बसलेला. चॅनेलची एक बातमीदार तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जाऊन त्याची मुलाखत घेऊन आली होती. पण डोक्यावर खडखडणारा पंखा, बाकं सरकवल्याचे आवाज, शेजारच्या कोणाचं तरी रडणारं मूल, या सगळ्यात त्याचं बोलणं पार बुडून गेलं होतं. मग चॅनेलने एका टंकलेखिकेला कान देऊन ते ऐकायला बसवलं, जे कळलं ते टाइप करून घेतलं, आणि ते कागद काकांपुढे आले.

"मूळ आवाज दे रे कानात," काका काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला म्हणाले. हा रेकॉर्डिस्ट त्यांचा जुना दोस्त, कामापेक्षा डब्याची चिंता जास्त करणारा.

"त्या भानगडीत पडूच नकोस," तो म्हणाला. "नुसती घरघर आहे. आणि कॅमेरा त्याच्या पाठीमागे होता, ओठबिठ काही जुळवायचे नाहीत. सरळ वाच आणि मोकळा हो."

काकांनी घड्याळाकडे बघितलं आणि सरळ वाचलं. कागदावर वाक्यांच्या मधे मधे तीन टिंबं होती. तीन टिंबं आली की थांबायचं, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. काका थांबले. थांबलेल्या वेळात त्यांनी ज्येष्ठमधाची कांडी डाव्या गालातून उजव्या गालात घेतली. पुढच्या टिंबांना उजव्यातून डाव्यात. वाक्य न वाक्य स्वच्छ, सावकाश, एका पट्टीत. मागवलेला चहा निवायच्या आत काम उरकलं आणि काका सासूबाईंना घेऊन दवाखान्यात हजर.

मुलाखत "मनाच्या तळघरात" या कार्यक्रमात दाखवली, तेव्हा सारं घर टीव्हीपुढे होतं. सासूबाईंचा हा जीव की प्राण कार्यक्रम. त्यात एक मनाचे डॉक्टर यायचे आणि एकेका गुन्हेगाराची चित्रफीत थांबवून थांबवून त्याच्या मनात काय काय चाललंय ते उलगडून सांगायचे. कोणी नाक खाजवलं तर अपराधी, कोणी नाही खाजवलं तर पक्का अपराधी. डॉक्टर मोठे रुबाबदार. काकांच्या बायकोने पहिल्याच दिवशी त्यांच्या चष्म्याकडे बघून सांगितलं होतं, "नुसती काच आहे ती, नंबर नाहीये." पण सासूबाईंच्या लेखी ते देवमाणूस.

पडद्यावर कैद्याची पाठमोरी आकृती आली, आणि काकांचा आवाज घुमला. "मला त्या रात्रीबद्दल..." मग शांतता. "...एवढंच सांगायचंय, की मी तिथे नव्हतो."

"थांबा!" डॉक्टर म्हणाले. चित्र थांबलं. "हा विराम ऐकलात? एखादा निर्दोष माणूस तळमळून बोलेल. हा घाईत नाही, घाबरलेला नाही. हा शब्द निवडतोय. आणि आता नीट कान द्या. हा ओठांचा बारीक आवाज. च्यक्. याला आम्ही आस्वाद म्हणतो. तो त्या आठवणीची चव घेतोय."

"बाई गं," सासूबाई नव्या कोऱ्या मशीनवर हात ठेवून म्हणाल्या, "खरंच चोखतोय की मेला!"

बायकोने हळूच मान वळवली. "अहो."

"हं."

"ही तुमची कांडी ना?"

काकांना इतकं हसू फुटलं की कांडी घशात जायचीच बाकी होती. सासूबाईंना मात्र पटायला वेळ लागला. डॉक्टर टीव्हीवर आणि जावई सोफ्यावर, मग विश्वास कोणावर ठेवायचा? "तुमचा आवाज असा नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज आपला साधा आहे. हा खुन्याचाच वाटतोय." तेव्हा काकांनी कांडी चोखत तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, आणि सासूबाई उशी घेऊन दोन हात लांब सरकल्या.

पुढचे काही दिवस घरात नुसती धमाल होती. "खुनीबुवा, कचऱ्याची पिशवी खाली ठेवून या." "मारेकरी, दूध संपलंय." काका इमारतीत, केमिस्टकडे, जिथे जातील तिथे किस्सा रंगवून सांगायचे आणि शेवटी च्यक् करून दाखवायचे. पडद्याच्या तळाशी "आवाज पुनर्निर्मित" अशी मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ होती म्हणे, पण तिच्यावरून गाद्यांची जाहिरात सरकत होती. ती कोण वाचणार? तो माणूस आत बसलाय, त्याला ह्या थट्टेचं काय वाटत असेल, हा विचार काकांच्या मनाला शिवला नाही. चांगल्या माणसांच्याही मनाला पुष्कळ विचार शिवत नाहीत.

मग चॅनेलवरून निरोप आला की दुसरा भाग करायचाय, या. काका शीळ घालत गेले. स्वागतकक्षातल्या बाईशी त्यांची जुनी थट्टामस्करी होती.

"या, या, प्रसिद्ध गुन्हेगार!" ती म्हणाली. "तुमच्या आईसाहेबांचे रोज फोन येतात मला."

"माझ्या?"

"त्या कैद्याच्या हो. रोज न चुकता. एकच पालुपद. हा माझ्या मुलाचा आवाज नाही. मी म्हटलं, मावशी, मुलगा आत गेला की सगळ्या आयांना असंच वाटतं. आज तर रडकुंडीलाच आल्या होत्या. कोणीतरी साक्षीदार आहे म्हणे. त्याने अंधारात ह्याला पळताना पाठमोरं बघितलं होतं. तो मधे वकिलाकडे जाऊन म्हणाला होता, की आता मला खात्री वाटत नाही. त्यावरच केस पुन्हा उघडायची आशा होती. आणि आपला कार्यक्रम बघून तो उलटला! म्हणतो, इतक्या थंडपणे बोलणारा माणूस खुनीच असणार, आता माझी खात्री पटली." ती हसली. "बघा, काय वजन आहे तुमच्या आवाजाला!"

काका हसले नाहीत. साऱ्या शहरात एकच बाई खरं बोलत होती, आणि चॅनेलभर तिचं हसं चाललं होतं. तिला वेड्यात काढणारा तो आवाज याच गळ्यातून गेला होता. ते जिना चढून स्टुडिओत गेले.

निर्मातीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. "काका, मागच्यासारखंच, पण आणखी थोडं थंड. डॉक्टरांना तुमचा तो पॉज फार आवडला."

"डॉक्टरांना माहीत आहे ना, तो माझा आवाज आहे?"

"खाली पट्टीत लिहिलंय की."

"पट्टी गादीखाली गेलीय."

"ते ग्राफिक्सवाले बघतात," निर्मातीबाई म्हणाल्या. हा प्रश्न त्यांच्यापुरता संपला होता.

काका आत जाऊन उभे राहिले, पण कागदाला त्यांनी हात लावला नाही. "मूळ आवाज दे," ते रेकॉर्डिस्टला म्हणाले. "पहिल्या भागाचा दे." तो कुरकुरला. डब्याची वेळ झालीय, त्यात काही नाही, घरघर आहे. काका हलले नाहीत. शेवटी त्याने दिला.

पंखा खडखडला. बाक सरकलं. शेजारचं मूल रडलं. काकांनी डोळे मिटून घेतले आणि गाळून गाळून ऐकू लागले. आयुष्यभर हेच तर केलं होतं. आणि त्या गदारोळाच्या तळाशी त्यांना तो सापडला. आवाज खर्जातला नव्हताच. बारीक, चिरका, शब्दाशब्दाला अडणारा. "मला त्या रात्रीबद्दल" म्हणाला आणि त्याचा बांध फुटला. नाक ओढल्याचा आवाज, हुंदका, बातमीदार म्हणते, "पाणी घ्या." कागदावर तिथे तीन टिंबं होती. पुढच्या टिंबांच्या जागी पुन्हा तेच. आणि शेवटच्या टिंबांपाशी तो घाईघाईने म्हणाला, "ताई, हे नका दाखवू. आईला सांगू नका मी रडलो म्हणून. तिला वाटतं मी इथे ठीक आहे."

टंकलेखिकेचं तरी काय चुकलं? ते प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिने टिंबं दिली.

काकांनी कांडी तोंडातून काढून रुमालात गुंडाळली. मग दुसऱ्या भागाचंही मूळ ऐकलं, आणि जसं ऐकलं तसं बोलायला लागले. बारीक, अडखळत, श्वास पुरेनासा झालेल्या माणसासारखं. काचेपलीकडे निर्मातीबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"काका, हे काय? हा तर दुसराच माणूस वाटतोय."

"हाच तो आहे. मागचा दुसरा होता."

"पण मागच्या भागाशी जुळायला नको? प्रेक्षक गोंधळतील!"

"मग मला नाही जमणार."

"ठीक आहे. दुसरे आवाज पुष्कळ आहेत."

"आहेत की," काका म्हणाले. "पण दुसऱ्याचा आवाज तरी मागच्याशी कसा जुळणार?"

शेवटी ठरलं असं, की नवीन मुलाखत राहू दे, मागचेच तुकडे पुन्हा दाखवू आणि रविवारी दुपारी डॉक्टरांना थेट बसवून प्रेक्षकांचे फोन घेऊ. काकांना त्यांनी निरोपाचा चहाही विचारला नाही.

घरी येईपर्यंत काकांच्या डोक्यात चक्र चालू होतं. तो रडला म्हणजे निर्दोष, असं थोडंच आहे? त्यांच्या लबाड लांडग्याने कार्टूनमध्ये कित्येकदा गळा काढला होता आणि सगळं खोटं होतं. त्याने खून केला की नाही, हे काकांना कळण्यातलं नव्हतं, आणि डॉक्टरांनाही नव्हतं. ते साक्षीपुराव्याने ठरायचं. काकांना फक्त एवढंच ठाऊक होतं की ज्या थंड माणसाला सगळे घाबरले, तो तुरुंगात नसून आपल्या घरात सोफ्यावर बसून सासूबाईंच्या शिव्या खात होता. आणि हे सांगितलं तर चॅनेल तुटणार. चॅनेल तुटलं की अस्वल गेलं, लांडगा गेला, निम्म्याहून अधिक काम गेलं. काकांनी ते सगळं बायकोपुढे मांडलं, तिच्याकडे दाद मागितल्यासारखं.

बायको भांडी पुसत होती. "सांगायचं नसेल तर घरातली ती खुनी-खुनीची थट्टा आजपासून बंद," ती म्हणाली. "आता मला हसू येणार नाही. आणि सांगायचं असेल तर इथे माझ्या कानाशी कशाला? डॉक्टर जिथे बोलले, तिथे सांगा."

रविवारी दुपारी काकांनी फोन लावला. पलीकडून एक मायाळू आवाज म्हणाला, "कृपया प्रतीक्षा करा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." चॅनेलच्या फोनवरही काकाच होते. स्वतःच स्वतःला धीर देत ते बराच वेळ सोफ्यावर बसून राहिले. समोर टीव्हीवर डॉक्टर एका फोनवालीला सांगत होते, की तुमच्या जाऊबाई नमस्कार करताना बोटं जुळवत नाहीत, सांभाळून राहा.

"पुढचा फोन," निवेदिका म्हणाली. "बोला, नमस्कार. तुमचा प्रश्न?"

काकांनी कांडी गालात सरकवली. च्यक्. आणि मग त्याच पट्टीत, त्याच संथपणे म्हणाले, "मला त्या रात्रीबद्दल... एवढंच सांगायचंय, की मी तिथे नव्हतो."

टीव्हीवर निवेदिकेचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"हा... हा फोन तुरुंगातून आलाय का?" निवेदिकेने विचारलं.

"नाही हो. आमच्या बैठकीच्या खोलीतून. समोर सासूबाई आहेत. टीव्ही बारीक करा म्हणतोय तर ऐकत नाहीयेत."

"कोण? मी?" सासूबाई म्हणाल्या, आणि तेही साऱ्या शहराने ऐकलं.

मग काकांनी सांगून टाकलं. की मुलाखतीतला आवाज माझा आहे. मूळ बोलणं मी ऐकलंच नव्हतं, नुसता कागद वाचला. जिथे थांबलो तिथे कागदावर टिंबं होती, आणि च्यक् म्हणजे आठवणीची चव नसून ज्येष्ठमधाची चव आहे. तुम्ही ज्या माणसाच्या मनाच्या तळघरात उतरलात, तो माणूस त्या दिवशी कानाचं मशीन आणायच्या घाईत होता.

डॉक्टरांना सावरायला क्षणभरच लागला. मोठी माणसं लवकर सावरतात. "तुम्ही म्हणता ते मान्य केलं," ते म्हणाले, "तरी माझं विश्लेषण आवाजाचं होतं. आणि तो थंडपणा आवाजात आहेच. म्हणजे तो तुमच्यात आहे. तुम्ही स्वतःबद्दल कधी विचार केलाय?"

"असेल माझ्यात," काका म्हणाले. "मग माझ्यावर कार्यक्रम करा ना. त्याला कशाला धरलंत?"

"मग तो खरा माणूस कसा बोलतो?" निवेदिकेने पटकन विचारलं. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. "तुम्ही ऐकलंय म्हणता. कसा बोलतो तो? काय म्हणाला?"

आता एक वाक्य बोलायचा अवकाश होता. हुंदक्याने भरलेलं ते एक वाक्य काकांनी त्याच्या बारीक आवाजात नुसतं म्हणून दाखवलं असतं, तर शहरभर डोळ्यांना पदर लागले असते. काकांच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. बायको दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"ते त्यालाच विचारा," काका म्हणाले. "त्याचं बोलणं मी एकदा बोलून बसलोय, आता पुन्हा नाही."

निवेदिकेने घाईने जाहिरात लावली. "शांत झोपा, निश्चिंत झोपा," गादी म्हणाली. तीही काकांच्याच आवाजात होती.

त्यानंतर चॅनेलने काकांना कधी बोलावलं नाही. अस्वलाला नवीन आवाज मिळाला. तो इतका तरतरीत होता की अस्वल आळशी कसं, हेच मुलांना कळेनासं झालं. "मनाच्या तळघरात" मात्र चालूच राहिलं. सासूबाई ते अजून बघतात, फक्त आता डॉक्टर बोलले की विचारतात, "हा आवाज कोणाचा आहे ते आधी बघा." कैद्याचा वकील घरी येऊन काकांचा जबाब लिहून घेऊन गेला. तो साक्षीदार म्हणे डोकं धरून बसला होता. मला आता काहीच ठरवता येत नाही, असं म्हणत होता. "पहिल्यांदा आला तेव्हाही तो हेच म्हणाला होता," वकील म्हणाला. "मला एवढंच परत हवं होतं." केस उघडायची की नाही याची सुनावणी व्हायची होती. वकिलाने मोठं आश्वासन दिलं नाही, आणि काकांनी विचारलंही नाही.

मग एका दुपारी कैद्याची आई आली. बुटकी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जुने कपडे उसवून मापाला करून देण्याचं काम करायची, त्यामुळे आल्या आल्या तिची नजर काकांच्या शर्टाच्या बाहीवर गेली. "बटण लोंबतंय तुमचं," ती म्हणाली, आणि पिशवीतून सुईदोरा काढून सोफ्यावर त्यांच्या शेजारीच बसली. काका हात पुढे करून बसून राहिले.

"चहा टाकते," बायको म्हणाली.

"टाका, पण साखर कमी," आई म्हणाली, आणि सुई ओवता ओवता बोलायला लागली. "तुम्हाला खरं सांगू? मीच खचत चालले होते. महिन्यातून एकदा त्याचा फोन, तोही खरखरणारा. सगळे सांगायचे, तोच आवाज आहे, तुला ओळखू येत नाही. म्हटलं, असेल बाई. तिथे राहून बदलला असेल. स्वतःच्या मुलाचा आवाज ओळखू येत नाही म्हणजे मी गेले कामातून. त्या रविवारी तुम्ही बोललात आणि मी घरात एकटीच मोठ्याने हसले. शेजारीण धावत आली."

"मावशी, माझं चुकलं," काका म्हणाले. "मी आधी ऐकायला हवं होतं."

"चुकलं खरं," ती सरळ म्हणाली. तिने त्यांना उगीच गोड वाटू दिलं नाही, आणि काकांना ते बरं वाटलं.

तिने बटणाच्या भोकातून सुई वर काढली, पुन्हा खाली घातली. "एक विचारू? ते तुम्ही मधे मधे थांबत होतात ना, तिथे तो काय बोलत होता?"

काकांनी कांडी या गालातून त्या गालात घेतली. "काही नाही. पाणी पीत होता."

तिने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "टीव्हीवर तुम्ही किती छान खोटं बोलता," ती म्हणाली. "घरात नाही जमत तुम्हाला."

स्वयंपाकघरातली कपबशांची खुडबुड थांबली होती.

"रडला ना?"

काका तिच्या सुईकडे बघत राहिले. आयुष्यात इतके आवाज काढले, पण ह्या वेळी एकही निघेना. आईने मान हलवली आणि शेवटचे दोन टाके घातले.

"बरं," ती म्हणाली. "मला कळलं, हे त्याला सांगू नका हं कोणी. त्याला वाटतं मी इथे ठीक आहे."

आणि तिने दाताने दोरा तोडून बटण ओढून बघितलं. घट्ट बसलं होतं.